राणोजीचा गाल

७ सप्टें., रवि.

भुट्टा अर्धाच खाऊन ठेवावा लागला. उजव्या कानापुढे कट् वाजलं आणि जबडा तिथंच अडकला. हाताने दाबून बंद केला. रत्नाने उरलेले दाणे सुरीने काढून वाटीत दिले, चमच्याने खाल्ले. बायको असावी तर अशी, पण हे तिला सांगितलं तर आठवडाभर ऐकवेल.

संध्याकाळी नाट्यमंडळाची बैठक. यंदाच्या मंडईचं, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेचं, नाटक भास्कर गुरुजींनी लिहून पूर्ण केलं. (गुरुजी शाळेतून रिटायर झाले, आमच्यातून नाही.) नायक बदलतो, नायिका बदलते, खलनायक मात्र दरवर्षी राणोजी पाटील आणि राणोजी दरवर्षी मी. नाव बदललेलं लोकांना चालत नाही. आज पहिला प्रवेश वाचला. 'अख्खं गाव जाळून राख करीन' या वाक्याला तोंड जेवढं उघडायला हवं तेवढं उघडलंच नाही. राख तोंडातच राहिली. बाकीचे हसले. गोमा हसला नाही, नुसतं पाहिलं. तो आमचा प्रॉम्प्टर, माझा शाळेपासूनचा दोस्त, त्याला कळतं.

रत्ना: "रातभर दात खाऊन राहता तुम्ही. मले झोप नाही. सपनात कोनाले खाऊन राहिले थे तरी सांगा."

१० सप्टें., बुध.

मिलमधून दुपारीच निघालो. सेठ: "जाओ जाओ, दाँत का दर्द बुरा." दातदुखी नाही हे समजावत बसलो नाही.

गोंदियात दातांच्या डॉक्टर बिसेन मॅडम. वयाने माझ्या पुतणीएवढ्या. दात ठीक आहेत म्हणाल्या, पण झिजून सपाट झालेत. गालाच्या मागच्या कोपऱ्यावर बोट दाबलं तर मी खुर्चीतून उठलोच. तोंडात तीन बोटं उभी मावायला हवीत म्हणे, माझी दोन कशीबशी गेली. "काका, चावायचा स्नायू असतो ना, तुमचा तो चोवीस तास ड्यूटीवर आहे." काही टेन्शन? म्हटलं नाही. पोरगी नागपूरला नोकरीला लागली, शेत बटईने, वाट्यावर दिलंय, राइस मिलमध्ये मिस्त्री म्हणून सगळे मान देतात, टेन्शन कशाचं. त्यांना पटलं नाही असं दिसलं.

त्यांच्याकडे एक मशीन आहे. गालावर चकत्या चिकटवायच्या, की आतला स्नायू किती काम करतोय ते पडद्यावर रेघेत दिसतं. सुई नाही, शॉक नाही. उलट आपल्यातलाच करंट मोजतात. पुढच्या बुधवारी बोलावलं. मी दारापर्यंत गेल्यावर म्हणाल्या, "आणि काका, हे कल्ले काढून या. केसांवर चकती चिकटत नाही."

पोळ्यापासून वाढवतोय ते.

१३ सप्टें., शनि.

कल्ले गेले.

दोन-तीन दिवस घोळ घातला. मंडईपर्यंत परत एवढे येणार नाहीत. पण तोंडच उघडलं नाही तर कल्ले घेऊन काय करू. सलूनवाल्यानेच परत परत विचारलं, "पक्कं ना भाऊ?" घरी आलो तर रत्ना ओसरीत बसून हसत सुटली. "लगनातल्यावानी दिसून राहिले." आरशात पाहिलं. तसा वाईट नाही दिसत.

गुरुजींना सांगितलं. म्हणाले नकली लावू. मग जरा थांबून, "कल्ल्यांचं होऊन जाईल दिगांबर. गाल तेवढा सांभाळ. तो गाल म्हणजे नाटकाची जान आहे."

खरंच आहे ते. राणोजी महत्त्वाचं वाक्य टाकण्याआधी थांबतो आणि त्याच्या गालाचा स्नायू टुकटुक उडतो. बस, एवढंच. पण त्याच्यासाठी कामठ्याकडून लोक येतात, बाया बोटं मोडतात, पोरं आईच्या पदरात तोंड घालतात. मी हे कधी शिकलो नाही, स्टेजवर आपोआप होतं. आता नेमक्या त्याच स्नायूला मॅडम रजेवर पाठवणार. दुखणं जाईल, पण त्याच्याबरोबर राणोजीही गेला तर? मॅडमनी टेन्शन विचारलं होतं ना, हे घ्या.

१७ सप्टें., बुध.

मशीन म्हणजे जेवणाच्या डब्याएवढं खोकं, लॅपटॉपला जोडलेलं. मला वाटलं होतं कपाटाएवढं असेल. स्पिरिटने गाल पुसले. जबड्याच्या कोपऱ्यावर आणि कानशिलावर गार चकत्या, दोन्ही बाजूंना, एक मानेवर. मोबाईल बाहेर ठेवायला लावला, पंखा बंद केला, नाहीतर त्यांचा करंट रेघेत घुसतो म्हणे. घामाघूम.

"आवळा." आवळलं. रेघ डोंगरासारखी उभी राहिली. म्हटलं पाहून घ्या ताकद. "आता सोडा." सोडलं. रेघ थोडी उतरली आणि मध्येच थरथरत राहिली. "सोडा काका." सोडलंच आहे. "अजून आहे. सोडा."

मग मी तिसऱ्या अंकातला चेहरा केला. राणोजी दारू पिऊन बाजेवर पडतो तो. डोळे अर्धे, ओठ लोंबते, मान कलती. या सीनला टाळी हमखास. रेघ चढली.

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही सैल दिसताय काका. सैल झाला नाहीत."

माझ्या अभिनयावर इतकं नेमकं आजवर कोणी बोललं नव्हतं. राग यायला हवा होता, पण हसूच आलं, आणि हसताना रेघ पडद्याबाहेर गेली.

शिकवलं ते असं. ओठ मिटलेले, दात सुटे, जिभेचं टोक वरच्या दातांमागे टाळूला. जेवताना आणि गिळताना सोडलं तर वरचे-खालचे दात एकमेकांना लागायचं दिवसभर काही कामच नसतं. हे मला या वयात कळतंय. रात्रीसाठी दातांवर बसवायची पट्टी करणार आहेत, माप घेतलं. घरचा अभ्यासही दिला. रंगीत ठिपके जागोजागी चिकटवायचे आणि ठिपका दिसला की आपले दात तपासायचे.

ठिपके कुठून आणू. रत्नाचं टिकल्यांचं पाकीट घेतलं.

२० सप्टें., शनि.

टिकल्या लावल्या. आरसा, गाडीची टाकी, जेवणाचा डबा, मिलचा स्विचबोर्ड, पॉलिशरचं झाकण. सेठ: "मशीन को बिंदी किसने लगाई? शादी है क्या इसकी?" हमाल हसून हसून पोत्यावर बसले. 

दा. ला. = दात लागलेले. दा. सु. = दात सुटे. दिवसभराचं असं निघालं: गाडीवर सु. मिल धडधडतेय आणि मी मशीनपाशी एकटा, तेव्हा सु. नवलच आहे, इतक्या गोंगाटात. हमालाशी बोलताना ला. फोनवर ला. टीव्हीसमोर ला. सेठपुढे ला. रत्नाने आतून काही म्हटलं की ला., दर वेळी.

हे शेवटचं तिला सांगायला नको होतं.

२१ सप्टें., रवि.

घरात अबोला. चहा मिळाला, पण कप आपटून. "मी बोलली का तुम्ही दात खाता. इतकी वर्षं झाली, आता समजलं." समजावलं. मला स्वतःलाच कारण माहीत नाही, तर समजावणार काय. बुधवारी ती सोबत येणार. "मलेच पाहू द्या थे रेघ."

संध्याकाळी अंबाडीची भाजी केली होती, माझ्या आवडीची. म्हणजे राग अर्धा उतरला असावा.

२४ सप्टें., बुध.

आजचं नीट लिहून ठेवतो.

रत्ना माझ्या खुर्चीमागे स्टुलावर. चकत्या लावल्या. डोळे मिटून श्वास लांब सोडत गेलो. मशीनला एक बारीक सूर आहे, स्नायू उतरला की सूरही उतरतो. तो खाली खाली जात शेवटी थांबला.  जबड्याला वजन असतं हे आज कळलं. पाठीवरचं पोतं उतरल्यासारखं झालं. इतकं बरं वाटलं की तिथंच झोपावंसं वाटलं.

तेवढ्यात रत्ना मागून काहीतरी पुटपुटली. सूर वर, रेघ वर.

"पाहा मॅडम," रत्ना म्हणाली. "मी म्हणत नव्हती?"

मॅडम हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. उठून माझ्या मागे गेल्या आणि स्वतः हळू काहीतरी बोलल्या. रेघ वर. मग मोठ्याने: "काका, पाणी देऊ का?" रेघ जागची हलली नाही. परत हळू, परत वर. मोठ्याने, काही नाही. असं बराच वेळ चाललं. पंखा बंद असल्याने तिघेही घामाने निथळत होतो.

मग रत्नाला म्हणाल्या, "काकू, तुमच्यावर राग नाही यांचा. यांना ऐकू कमी येतंय. ऐकायला जोर लावतात आणि तो सगळा जोर इथं जातो." माझ्या गालावर बोट ठेवलं.

मी म्हटलं माझे कान चांगले आहेत. जरा मोठ्याने म्हटलं असावं, कारण बाहेरचे पेशंट आत डोकावले.

येताना रत्ना गाडीवर मागे. रेल्वे फाटकापाशी थांबलो तेव्हा कानाजवळ तोंड आणून म्हणाली, "मंग माझ्या आवाजाचा दोष नाही ना?" म्हटलं नाही. "मंग आइस्क्रीम खाऊ घाला." खाऊ घातलं.

३० सप्टें., मंगळ.

कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. कानांवर डबे लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. मी किती वेळ दाबलंच नाही, वाटलं अजून सुरू व्हायचं आहे. दोन्ही कान उतरलेत, उजवा जास्त. धान सडायच्या हलर आणि पॉलिशरच्या आवाजात पंचवीसेक वर्षं काढली, त्याचं फळ. हळूहळू जात राहिलं म्हणून लक्षात आलं नाही. आणि मिलमध्ये सगळेच बोंबलून बोलतात, तिथं माझं कमी झालेलं कोणाला कळणार.

कानामागे मशीन लावा म्हणतात. वाईट वाटलं. म्हातारा झालो याचं एवढं नाही, पण राणोजी पाटील, चार गावांचा कर्दनकाळ, आणि कानात मशीन. विचार करतो म्हणून उठलो.

३ ऑक्टो., शुक्र.

दसऱ्यानंतरची पहिली तालीम. आज एक गोष्ट समजली आणि हसावं की काय करावं ते कळत नाही.

आमच्याकडे पाठांतर कोणी करत नाही. या भागात नाटक असंच होतं. तालमी दोन-चार, बाकी सगळं प्रॉम्प्टरच्या भरवशावर. स्टेजपुढे खड्डा, खड्ड्यात गोमा, हातात संहिता. तो खालून वाक्य देतो, आपण वर मोठ्याने टाकतो, असं पहाटेपर्यंत. गोमा नाही तर नाटक नाही. माझी वाक्यं तो जरा सावकाश देतो. मला वाटायचं तो माझा मान ठेवतो.

आज दुसऱ्या अंकात नेहमीसारखा थांबलो आणि सहज दातांकडे लक्ष गेलं. दा. ला., घट्ट. काऊन? तर गोमाचं वाक्य ऐकायला. तो खालून देऊन राहिला आणि मी जबडा आवळून कान लावून उभा. तोच तो थांबा. तोच तो उडणारा गाल. लोक ज्याला राणोजीचा संताप समजतात तो दिगूचा कमी ऐकू येणारा कान आहे.

रत्नाला सांगितलं. तिने हातातलं सूप खाली ठेवलं. "म्हणजे लोकं तुम्हाले पाहून भेत होते, अन् तुम्ही गोमाभाऊचं वाक्य सुटते म्हणून भेत होते?" आणि जी हसायला लागली. मलाही आवरेना. नंतर एकटा ओसरीवर बसलो तेव्हा खट्टू झालो. मला ती कला वाटत होती.

५ ऑक्टो., रवि.

ठरलं. राणोजीचं सगळं पाठ करणार. पाठ असलं की ऐकायला नको, जबडा सुटा, आणि कानाच्या मशीनची कटकटही नको. आपल्या मंडळात आजवर हे कोणी केलेलं नाही, ऐकलं तर हसतील. गुरुजींकडून एक प्रत मागून आणली. कशाला ते सांगितलं नाही.

रत्ना तांदूळ निवडताना नायिकेची वाक्यं म्हणते. 'सोड मला नराधमा' सुद्धा किराणा सांगावा तसं म्हणते. पण चुकलो की लगेच पकडते.

तिचं म्हणणं, गोमाभाऊला सांगून ठेवा. सांगतो म्हटलं.

८ ऑक्टो., बुध.

मॅडमकडे. रात्रीची पट्टी बसवून दिली. रेघ आता मी डोळे उघडे ठेवूनही खाली आणतो. तोंड दोन बोटांच्या बरंच वर उघडतं. चकत्या लावूनच राणोजीचं एखादं वाक्य म्हणा म्हणाल्या. गाव जाळायचं म्हटलं. बोलताना रेघ उसळली, वाक्य संपताच खाली. "हे खरं," म्हणाल्या. "काम केलं आणि घरी गेला." बाहेर बसलेल्या एक बाई मात्र नंबर सोडून निघून गेल्या म्हणे.

कानाच्या मशीनची गरज उरली नाही असं मी सांगितलं, पाठांतराचं कारण देऊन. मॅडमनी ऐकून घेतलं. "स्टेजवरचं जमेल काका. काकूंशी बोलतानाची वाक्यं कुठून पाठ करणार?"



१६ ऑक्टो., गुरु.

कानाचं मशीन आणलं. आधी काही दिवस वापरून पाहा म्हणालेत.

प्लॅस्टिकची पिशवी फार वाजते. चप्पल वाजते. बिरसीच्या पायलट शाळेचं विमान आज दिसण्याआधी ऐकू आलं, पूर्वी दिसल्यावर यायचं. मिलमध्ये काढून ठेवतो, तिथं सहन होत नाही.

आणि रत्ना स्वयंपाक करताना गुणगुणते. मला इतकी वर्षं वाटत होतं ती गप्प राहून काम करते. तिला काही बोललो नाही, बोललो तर थांबेल. दाराला टेकून ऐकत राहिलो. फार बरं वाटलं. दा. सु.

१९ ऑक्टो., रवि.

सगळं पाठ झालं. तालमीत मात्र गोमाच्या मागूनच बोललो, कळू दिलं नाही. दात सुटे, तोंड उघडं, राख पूर्ण बाहेर. मी खूष.

गुरुजी नाहीत. तालीम संपल्यावर बाजूला घेऊन म्हणाले, "काहीतरी कमी पडून राहिलं दिगांबर. गाल हालत नाही. राणोजी भला माणूस वाटून राहिला."

घरी येऊन आरशापुढे मुद्दाम आवळून पाहिलं. गाल उडत नाही, नुसता फुगतो, वर कानापुढे दुखतं. ज्याची भीती होती तेच झालं. मंडई आठवड्यावर आली. रत्ना म्हणते, "दुखनं परत आनता का गालासाठी?" नाही आणत. पण मन खातं.

गोमाला सांगायचं राहिलं. तो घाईत होता, धान कापणीला आलंय.

२३ ऑक्टो., गुरु.

भाऊबीज. पोरगी आली नागपूरहून. कानाचं मशीन पाहून, "चला बाबा, आता तरी माझं ऐकाल." चकली खाल्ली, कट् नाही. अनारसा खाल्ला, कट् नाही. सगळे ओसरीवर, उन्हं उतरलेली, माझं पोट भरलेलं. याहून काय पाहिजे.

गोमा सकाळी विहिरीपाशी भेटला. आज सांगणार होतो. मग वाटलं, पाठ केलं म्हटलं तर त्याला वाटेल याचा माझ्यावर भरवसा राहिला नाही. नाटक झाल्यावर निवांत सांगू.

२६ ऑक्टो., रवि.

दुपारी उठलो. हात अजून रंगलेले.

काल मंडई. दिवसभर दंडारीचे नाच, पाळणा, जिलेबी, माणसांचा पूर. रात्री नाटक. नकली कल्ले, डोक्याला फेटा, फेट्याखाली कानाचं मशीन, कोणाला दिसलं नाही. पहिला अंक बेताचा. पुढून कोणीतरी ओरडलं, "राणोजी, गाल हालव ना गा!" हशा. तरी दात लागू दिले नाहीत.

दुसरा अंक. नायिकेचा बाप पाया पडतो. राणोजीचं वाक्य: 'ऊठ. तुझं काही नको मला. फक्त तुझी झोप पाहिजे.' वाक्य तोंडात तयार. गोमाने खालून दिलं, इतकं स्वच्छ कधी ऐकू आलं नव्हतं. आणि मी बोललो नाही. का, ते मलाही सांगता येणार नाही. त्या म्हाताऱ्याकडे नुसतं पाहत राहिलो. जबडा सुटा, हात सुटे, कशाची घाई नाही, कोणाचं ऐकायचं नाही. मैदान हळूहळू गप्प झालं. पाळण्याचं इंजिन तेवढं चालू. गोमाने परत दिलं. मी थांबलो. मला तो थांबा सोडवेना. गोमाने अजून एकदा दिलं, मोठ्याने, आवाज चिरकला त्याचा. पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "गोमाभाऊ, चूप राहा ना, त्याले येते." लोक हसले, गोमाला. मग मी वाक्य टाकलं, न ओरडता, हळू. एक पोरगं रडायला लागलं ते अंक संपेपर्यंत थांबलं नाही.

शेवटी हार, मिठ्या, फोटो. कोणी म्हणालं असा राणोजी कधी झाला नाही. कोणी म्हणालं गाल पाहायला आलो होतो, फुकट गेलं. गुरुजी नुसते खांद्यावर हात ठेवून गेले, त्याचा अर्थ लागला नाही. रत्ना: "आज मले खरंच भेव वाटला. घरी असं नका पाहत जाऊ." मी हवेत होतो.

गोमा नाटकानंतरचे पोहे न खाताच घरी गेला हे उजाडल्यावर कळलं.

३० ऑक्टो., गुरु.

चिचगडहून बोलावणं आलं, येत्या रविवारच्या मंडईसाठी. इतक्या लांबून पहिल्यांदाच. बैठकीला सगळे आले, गोमा आला नाही. रत्ना म्हणाली, आता बसून काय राहता, जा. गेलो त्याच्या शेतात.

धान कापत होता. वर पाहिलं नाही. मी बांधावरचा दुसरा विळा घेतला आणि त्याच्या बाजूला कापायला लागलो. एक पट्टा कापून झाल्यावर त्याने विचारलं:

"तुले पाठ होतं?"

"होतं."

"मले काऊन नाही सांगतलं?"

मी अजून एक मूठ कापली.

"मले वाटलं दिगू विसरला. इतक्या लोकांत दिगूची इज्जत जाऊन राहिली. जीव वर आला होता गा माझा. म्हणून बोंबललो. अन् लोकं मलेच हासले."

माफी मागितली. मनापासून मागितली, तोंडदेखली नाही. जबडा, मशीन, रेघ, कान, सगळं सांगितलं. गालाचंही सांगितलं, की तो त्याच्याच वाक्याची वाट पाहताना उडायचा. वाटलं आता हसेल. विळा हातात धरून उभा राहिला.

"म्हणजे गाल बी माझाच होता," म्हणाला.

 कापलेल्या पेंढ्या उचलून बांधावर ठेवल्या. निघताना विचारलं, चिचगडले येशील ना? "पाहू." गोमाचं 'पाहू' मी शाळेपासून ऐकतोय. त्यात हो किती आणि नाही किती, ते अजून ओळखता येत नाही.

३१ ऑक्टो., शुक्र.

मॅडमकडे. रेघ जमिनीवर झोपलेली. तोंडात तीन बोटं सहज. "काका, आता महिन्याने या." पेढे नेले होते. मॅडमनी विचारलं, नाटक कसं झालं? चांगलं झालं म्हटलं. तेवढ्यात सूर किंचित चढला. मॅडमनी पाहिलं आणि चकत्या काढायला घेतल्या.

२ नोव्हें., रवि.

चिचगड. मेकअपच्या तंबूत बसून लिहितोय, एका बाजूचा कल्ला लागलाय, दुसऱ्याचा गोंद वाळायचा आहे.

टेम्पो दुपारी निघाला तेव्हा गोमा आला नव्हता. घराला कुलूप, त्याची मोटारसायकल दारात नाही. शेजारी म्हणाले सकाळीच कुठे गेला. देवरी सोडल्यावर फोनला रेंज नाही. गुरुजी म्हणतात मी बसतो खड्ड्यात, पण दिव्याखाली त्यांना अक्षर दिसत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. नायक कोपऱ्यात तोंड धुऊन धुऊन येतोय. नायिका नागपूरची, ती परत परत विचारून जाते, "भैया, प्रॉम्प्टर आले का?" मी सोडून एकालाही एक वाक्य येत नाही. चिचगडवाल्यांनी जेवण मोठं प्रेमाने केलंय, झुणका, भाकर, भात. कोणी नीट जेवलं नाही. मी जेवलो, चांगलं होतं.

मैदान भरत आलंय. कनातीच्या फटीतून खड्डा दिसतो. आत सतरंजी घातली आहे, दिवा ठेवला आहे.

माझं काही अडणार नाही. खड्ड्यात कोणी नसलं तरी राणोजी पहिल्यापासून शेवटपर्यंत उभा राहील. तरी मघापासून दात घट्ट लागलेत. ओठ मिटून, जीभ टाळूला, श्वास लांब. सुटतात. रस्त्यावर मोटारसायकल वाजली की परत लागतात. एक-दोन येऊन पुढे निघून गेल्या.

आता अजून एक येऊन राहिली.